'मर' म्हणजे झाड आणि 'काकी' म्हणजे कावळा! सोलापूरच्या चार भाषांतले सारखे दिसणारे शब्द

हुग्गी
सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी (इकडची उर्दू) अशा चार भाषा नांदतात, हे आपण पाहुण्यांना शेंगा चटणीइतक्याच कौतुकाने सांगतो. पण या चारही भाषांत एकाच उच्चाराचे छोटे छोटे शब्द निरनिराळे अर्थ घेऊन बसलेत. ती गंमत कोणी एका जागी मांडलेली दिसली नाही, म्हणून हा धागा काढते.

माझं माहेर बार्शीचं, सासर अक्कलकोट तालुक्यातलं. सासरी घरात कन्नड. तिथे कानाला आधी खटकला तो 'मर'. सासूबाई परसात बोट दाखवून 'आ मर, ई मर' म्हणायच्या. कन्नडमध्ये मर म्हणजे झाड, 'आ' म्हणजे ते आणि 'ई' म्हणजे हे. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना पंगतीत 'ऊट माड्री, ऊट माड्री' असा आग्रह झाला, तर ते बिचारे ताटावरून उठायला लागले. ऊट म्हणजे जेवण, माड्री म्हणजे करा.

मग नादच लागला. हालु म्हणजे दूध, आपले हाल निराळे. हण म्हणजे पैसे. आपल्याकडे 'हाण' म्हटलं की रट्टा. कायि म्हणजे नारळ किंवा कच्चं फळ, त्यामुळे 'काय पाहिजे?' हा प्रश्न तिथे अर्धा सुटलेलाच असतो. आणि माझा लाडका 'हौद'. कन्नडमध्ये हौदु, बोलताना हौद, म्हणजे होय. 'पाणी आलं का?' 'हौद.' आता हे उत्तर आहे की पाणी साठवायची सूचना, हे सोलापूरकरांनीच ठरवावं.

यातले नात्यातले शब्द कुठले, उसने कुठले आणि निव्वळ योगायोग कुठले, ते जाणकारांनी सांगावं. तुमच्याकडचेही टाका.

कडकभाकरी
हुग्गीअक्का, एक नंबर धागा. हजेरी लावून ठेवतो.

आपल्या 'बे'ला विसरू नका. 'काय बे', 'चल बे', 'हाय की बे'. पुण्यात गेलो की पहिल्या वाक्याला ओळखतात, सोलापूरचा का म्हणून. शाळेत 'बे एके बे' म्हणताना मला वाटायचं, पाढा पण सोलापुरातच लिहिलाय. हे दोन्ही बे एकच का?

सातरस्ता
एक नाहीत. पाढ्यातला बे म्हणजे दोन. संस्कृत 'द्वे', प्राकृतात 'बे'. गुजरातीत आजही दोनला बे म्हणतात. मराठीने रोजच्या बोलण्यात 'दोन' घेतलं, पण पाढ्यांनी जुना शब्द सोडला नाही. बेचाळीसमध्ये तोच बसलाय. 'बेकार', 'बेजबाबदार' मधला बे फारसीचा, अर्थ 'विना'. आणि 'काय बे' हे हाक मारायचं अव्यय, हिंदीतल्या 'अबे'च्या गोतावळ्यातलं. म्हणजे एकट्या मराठीतच तीन बे निघाले.

हुग्गीताईंच्या यादीबद्दल सविस्तर लिहितो, रात्री.

विजापूर_वेस
आमच्या दखनीत होकाराला 'हौ' म्हणतात आणि नकाराला 'नक्को'. नक्को तर सरळ तुमच्या 'नको'वरून घेतलेला, हैदराबादेपर्यंत पोचवला आम्ही. लखनौचा माणूस हे ऐकून कपाळाला हात लावतो. 'हौ'वर मात्र आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते मराठी 'हो'वरून, दुसरी म्हणते कन्नड 'हौदु'वरून. सोलापुरात दोन्ही शेजारी असल्यावर निकाल लागणार कसा?

तिसरी_पाळी
नमस्कार मंडळी. पूर्व भागातला माणूस आहे, घरात तेलुगू, बाहेर मराठी, कारखान्यात दोन्ही. माझी भर घ्या.

तेलुगूत काकी म्हणजे कावळा. आमच्या लहानपणी शेजारची मराठी पोरं 'काकी आली, काकी आली' करत पळत यायची आणि आमची आजी पत्र्यावर बघायची.

रायि म्हणजे दगड. तुमच्यात राईचा पर्वत करणारा माणूस बाता मारतो, आमच्यात त्याला गवंडी म्हणतील.

इल्लु म्हणजे घर. कन्नडमध्ये इल्ला म्हणजे नाही. भाड्याची खोली शोधणाऱ्या तेलुगू माणसाने 'इल्लु?' विचारावं आणि कन्नड मालकाने 'इल्ला' म्हणावं. प्रश्न पण तोच, उत्तर पण तेच!

चेप्पु म्हणजे सांग. चेप्पु म्हणजे चप्पल पण. दोन्ही तेलुगूच. कोणता अर्थ घ्यायचा ते समोरच्याचा हात कुठे जातोय ते बघून ठरवायचं.

आणि बाजारातली एक. तेलुगूत वंद म्हणजे शंभर. कन्नडमध्ये ओंदु म्हणजे एक, आणि बोलताना ते वंदु असंच ऐकू येतं. शंभराचा भाव एक रुपया ऐकू आला तर कोण सोडेल?

कडकभाकरी
मालक, राई वाचून चहा सांडला.

बार्शीकर
वाचतोय. एक शंका. मामा, काका, अप्पा, अक्का, आत्या हे सगळीकडे सारखेच कसे? माझा एक मित्र म्हणतो, जगभर आईला 'म'वरून आणि बापाला 'प' किंवा 'ब'वरून शब्द आहेत, म्हणजे सगळ्या भाषा एका आईच्या लेकी.

सातरस्ता
बार्शीकर, तुमच्या मित्राला जॉर्जियाला पाठवा. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. जपानीत आई 'हाहा' आणि वडील 'चिची'.

आई-बापाचे शब्द नाती जुळवायला सगळ्यांत कुचकामी. तान्ह्या मुलाने ओठ मिटून उघडले की 'म', 'प', 'ब' आपोआप निघतात. पोर 'मामामा' करतं, आई म्हणते मलाच हाक मारली. हे जगात सगळीकडे होतं, त्यासाठी भाषांना एकमेकींना भेटायची गरज नाही. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने हे नीट मांडलंय, विशेष करून 'म'चं: दूध पिताना तोंड बंद असतं तेव्हा नाकातून जो आवाज येऊ शकतो तो 'म'चाच.

'अक्का' मात्र वेगळी गोष्ट. ती कन्नड-तेलुगूतली थोरली बहीण, आणि आपण ती जशीच्या तशी घरात घेतली. 'अण्णा'ही तसाच. 'आत्या'कडे बघा: कन्नड 'अत्ते', तेलुगू 'अत्त'. तिकडे अत्ते म्हणजे बापाची बहीण आणि सासूही. मामाची किंवा आत्याची मुलगी करायची पद्धत, त्यामुळे आत्या हीच सासू. पद्धत आपल्याकडेही आहे, पण मराठीने सासूला 'सासू'च ठेवलं (संस्कृत श्वश्रू) आणि आत्येकडे अर्धंच काम दिलं.

आता ताईंच्या यादीकडे. 'मर' आणि मराठी 'मर' यांचा काही संबंध नाही. मराठी 'मर' संस्कृत 'मृ'चा, कन्नड 'मर' द्राविडी, म्हणजे कन्नड-तेलुगू-तमिळच्या कुळातला, तमिळमध्ये 'मरम्'. 'हाल' अरबी, म्हणजे स्थिती. उर्दूत 'क्या हाल है' विचारलं तर चांगलेही असू शकतात. मराठीत आल्यावर हाल कायमचे वाईट झाले. 'हौद' सुद्धा अरबी 'हौज'चा. कन्नड हौदुचं जुनं रूप 'अहुदु', म्हणजे 'ते आहे', 'तसं आहे'. ही सगळी टक्कर फक्त आवाजाची.

पण तुमच्या यादीत एक धागा लपलाय, तो ओढला की खरी मजा. हालु आणि हण यांत; हौदमध्ये नव्हे. कन्नडमधला सुरुवातीचा 'ह' पुष्कळ शब्दांत पूर्वी 'प' होता. साधारण दहाव्या शतकापासून तो बदलत गेला. तेलुगूत आणि तमिळमध्ये 'प' तसाच राहिला. तिसरी पाळी काका, तुम्ही पडताळून पाहा:

दूध, तेलुगू पालु, कन्नड हालु. वाघ, पुलि आणि हुलि. डुक्कर, पंदि आणि हंदि. फळ, पंडु आणि हण्णु. साप, पामु आणि हावु. फूल, पुव्वु आणि हूवु. जा म्हणायचं तर पो आणि होगु.

एखादी जोडी जुळली तर योगायोग म्हणता येतो. इथे रांगच्या रांग एकाच नियमाने जुळते. नातं ओळखायचं ते असं. शब्द सारखा दिसतो की नाही याला फार किंमत नाही, फरक नियमाने पडतो का ते बघायचं.

तिसरी_पाळी
पडताळले. सगळे बरोबर. दहाला आम्ही पदि म्हणतो, कन्नडवाले हत्तु. तो पण त्यातलाच का?

सातरस्ता
त्यातलाच. तमिळमध्ये पत्तु, जुन्या कन्नडमध्येही पत्तु.

हुग्गी
अगं बाई! म्हणजे 'हंदि' म्हणजे डुक्कर हा शब्द मला माहीत होता, गोकुळाष्टमीला 'दहीहंडी' ऐकून आमच्या सासूबाई दरवर्षी तोंडाला पदर लावतात. आता त्यांना तेलुगू पंदिपर्यंतचा इतिहास सांगते.

सातरस्ता
सांगा. हंडीतला 'ड' टाळूचा आहे आणि हंदितला 'द' दातांचा, म्हणजे त्यांनी हसायचं तसं कारण नाही. पण हसू द्या.

'प'चा 'ह' होण्याच्या याच वाटेने एक शब्द आपल्या इतिहासात येऊन बसलाय. शिवराई होन. सोन्याचं नाणं. कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोनं, त्याचं जुनं रूप 'पोन्नु', तमिळमध्ये 'पोन्'. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या नाण्याचं नाव कर्नाटकातून आलेलं आहे. काही जण या होनाला हूण टोळ्यांशी जोडतात. दोन अक्षरं जुळली की माणसाला राहवत नाही.

कडकभाकरी
इंग्रजी राहिली की. आमच्याकडे वाकडं म्हातारं होतं एक, कन्नड बोलणारं. दवाखान्यात नर्सने विचारलं, जेवण कसं होतं? ते म्हणालं, 'ब्याड.' नर्सने लिहून घेतलं, जेवण खराब. ते म्हणत होतं, मला नको.

हुग्गी
हो, पुस्तकी कन्नडमध्ये 'बेड', आमच्याकडे बोलताना 'ब्याड'. म्हणजे नको. पाहिजे असेल तर 'बेकु'.

सातरस्ता
कडकभाकरी, तुम्ही नकळत भाषाशास्त्रातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण आणलंत. फारसीत 'बद' म्हणजे वाईट. बदनाम, बदसूरत, बदहजमी सगळे त्यातले. इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट. आवाज तोच, अर्थ तोच, शिवाय दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. कोणीही पैज लावेल की हे सख्खे. पण नाहीत. दोन्हींचा मागोवा घेतला तर वाटा वेगळ्या निघतात. त्यात तुमचं ब्याड तिसरं, अगदीच परकं.

याहून भारी एक आहे. ऑस्ट्रेलियात म्बाबराम नावाची मूळ रहिवाशांची भाषा होती. तिच्यात कुत्र्याला 'डॉग' म्हणायचे. इंग्रजीवरून घेतलेला नाही. शेजारच्या भाषांत त्याच शब्दाची जुनी रूपं सापडतात, त्यावरून तो कसा घडला ते दाखवता येतं. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी ही नोंद केली.

शोध_मूळाचा
आपण सगळेच सत्याच्या जवळ येऊन मागे वळता. 'ऊर' घ्या. अक्कलकोट तालुक्यात नागणसूर, तोळणूर. शेवटी ऊर. कन्नड आणि तेलुगूत ऊरु म्हणजे गाव. आणि इराकमध्ये सुमेरियन लोकांचं पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर, नाव 'ऊर'! हा योगायोग? तसंच देव, लॅटिन देउस, ग्रीक थिओस. एकच मूळ. डोळे उघडा.

बार्शीकर
ऊरचं मलाही पटतंय थोडं.

सातरस्ता
शोधराव, देव आणि देउस बरोबर, एकाच घरातले. थिओस मात्र त्यात नाही. संस्कृत 'द' ग्रीकमध्ये 'द'च राहतो, 'थ' होत नाही. देवाचा खरा ग्रीक भाऊ म्हणजे 'झेउस'. तुम्ही दारातला पाहुणा आत घेतला आणि घरचा माणूस बाहेर ठेवलात.

ऊरबद्दल. ते शहर त्यांच्या लिखाणात 'उरिम' असं येतं. तरी आवाज जुळतो असं धरू. मग मराठीत ऊर म्हणजे छाती, संस्कृत 'उरस्'. जर्मनमध्ये शब्दाआधी 'ऊर' लावला की 'मूळचा' असा अर्थ होतो. सगळे एकच म्हणायचे का?

साधा हिशोब करू. एखाद्या भाषेत ३० व्यंजनं आणि १० स्वर असतील, तर एका व्यंजनाला एक स्वर लावून ३०० अक्षरं होतात. बस. त्या ३०० खणांत ती भाषा आपले रोजचे छोटे शब्द बसवणार. जगात भाषा सात हजारांच्या आसपास. धडका बसल्या नाहीत तरच नवल. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय आणि कोरियनमध्येही 'ने' म्हणजे होय. आपला 'न', फारसी 'न', इंग्रजी 'नो', रशियन 'न्येत' हे मात्र खरोखरीचे भाऊबंद आणि सगळे नकाराचे. जपानीत नावाला 'नामाए' म्हणतात. आपलं 'नाव' आणि इंग्रजी 'नेम' सख्खे, नामाए नुसता नावाचा नातेवाईक.

शब्द जितका आखूड तितका पुरावा कच्चा. आणि दिसत नाही ते नातं पक्कं असू शकतं. आर्मेनियन भाषेत दोनला 'येर्कु' म्हणतात. ते आणि आपलं 'द्वौ' एकाच मुळाचे, कारण तिथे सुरुवातीच्या 'द्व'चा 'र्क' नियमाने होतो, इतर शब्दांतही. आपलं 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' चुलत भाऊ आहेत. चेहऱ्यावरून ओळखून दाखवा!

शोध_मूळाचा
पाश्चात्त्यांनी बनवलेले नियम.

सातरस्ता
'प'चा 'ह' तिसरी पाळी काकांनी घरबसल्या तपासला, त्यांना लंडनला जावं लागलं नाही.

कडकभाकरी
हाणलं! (पैसे या अर्थी नव्हे)

बार्शीकर
मग ऊर आणि पूर? सोलापूरचा पूर घासून घासून ऊर झाला असं होत नाही का? नागपूर, नागणसूर.

सातरस्ता
दोन वेगळे शब्द. 'पूर' संस्कृत. ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर, ते याचंच नातेवाईक मानतात. 'ऊर' द्राविडी. दोन्ही एका नावात कसे नांदतात ते पाहायचं तर लातूर घ्या. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूर या श्रेष्ठ पुराचे स्वामी. गावाच्या नावात ऊर आधीच होता, वर बिरुदात पूर चढवला. ऊर म्हणजेच पूर असतं तर असं दोनदा कोणी लिहिलं नसतं.

जुनी_गिरणी
विषय निघालाच आहे तर सोलापूरचा 'सोला' घ्या. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, हे आपल्याला शाळेपासून पाठ. सोळा नावांची यादी सुद्धा मिळते. पण सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या कन्नड लेखांत गावाचं नाव 'सोन्नलिगे' असं येतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८च्या लेखात 'सोनलिपूर'. किल्ल्यातल्या लेखात 'सोनलपूर'. त्यातला 'न' गळाला की सोलापूर. इंग्रजांनी त्याचं शोलापूर केलं.

म्हणजे 'सोळा'शी सारखेपणा दिसला आणि लोकांनी सोळा गावं मोजून दिली. गड्ड्याच्या यात्रेत कोणालाही विचारा, सोळाच सांगेल.

हुग्गी
सोळा नसतील तर माझ्या सासऱ्यांचं निम्मं भाषण रद्द होईल.

विजापूर_वेस
'को'बद्दल कोणी बोललं नाही. आम्ही म्हणतो 'मेरेकू', तेलुगूवाले म्हणतात 'नाकु'. दोन्हींचा अर्थ 'मला'. शेवटचा कु अगदी एक. आमच्या गल्लीत तर वाक्य अर्धं या भाषेत, अर्धं त्या भाषेत चालतं, आणि कु मध्ये पुलासारखा.

सातरस्ता
हा मुद्दा भल्याभल्यांना भुरळ घालून गेलाय. रॉबर्ट कॉल्डवेलने १८५६ साली द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण लिहिलं, त्यालाही हिंदी 'को' आणि द्राविडी 'कु' यांचं नातं वाटलं होतं. पुढे हिंदी 'को'ची जुनी रूपं तपासल्यावर त्याचं मूळ संस्कृत 'कक्ष'पर्यंत नेलं गेलं. कक्ष म्हणजे बाजू, बगल. तेव्हा मूळ वेगळं. पण दखनी बोलणाऱ्याच्या कानाला शेजारचा 'कु' ओळखीचा वाटत राहिला आणि त्याने 'कू' टिकवून धरला, असं मला वाटतं. मूळ वेगळं असलं तरी शेजाराचा परिणाम होतोच.

पणजीतला_सोलापूरकर
नोकरीनिमित्त गोव्यात असतो, दोन शब्द माझेही.

एक, 'पाव'. मुंबईत मला एकाने ठासून सांगितलं होतं की पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव. दुसऱ्याने सांगितलं, चार पावांची लादी, एकेक पाव हिस्सा, म्हणून पाव. दोन्ही थापा. पोर्तुगीजमध्ये पावाला 'पांव' म्हणतात, नाकात. तोच आला. चावी, पगार, बटाटा, घमेलं हेही त्याच गलबतातून उतरले. 'पाव किलो'तला पाव संस्कृत 'पाद', चौथा भाग. आणि 'देवा, पाव रे' मधला तिसरा, संस्कृत 'प्राप्'चा. देवाला पाव किलो पाव दाखवला तर तो पावेल का, हा प्रश्न तिन्ही घराण्यांना एकत्र आणतो.

दुसरा, 'हाव'. मराठीत हाव म्हणजे लोभ. कोकणीत 'हांव' म्हणजे मी, संस्कृत 'अहम्'चा थेट वारस. आल्या आल्या घरमालकीण म्हणाली 'हांव येतां', मला वाटलं हाव येते म्हणतेय, भाडं वाढवणार. आणि वर सातरस्त्यांनी सांगितलेला कन्नड 'हावु' म्हणजे साप. मी, लोभ आणि साप! कीर्तनकाराला द्या कोणीतरी, तासभर पुरवेल.

कडकभाकरी
भाडं वाढवलं का नाही शेवटी?

पणजीतला_सोलापूरकर
वाढवलं.

हुग्गी
पालीचं विचारायचं राहिलं. तेलुगूत पालु दूध, मराठीत पाल भिंतीवर. आणि आमच्याकडे पालीला 'हल्लि' म्हणतात. नियम लावला: 'ह' होता तिथे 'प'. पल्लि. म्हणजे पाल! हे नातं की योगायोग?

सातरस्ता
शाबास. तमिळमध्ये पालीला 'पल्लि'च म्हणतात. संस्कृतमध्येही 'पल्ली' म्हणजे पाल आहे, आणि तो संस्कृतने द्राविडीतून घेतला असावा असं मानणारे बरेच आहेत. मराठी पाल त्याच वाटेची. म्हणजे दुधाशी काही नाही, पण भिंतीवरच्या हल्लिशी पक्की सोयरीक.

फक्त 'ळ' सांभाळा. कन्नडमध्ये 'हल्लि' पाल आणि 'हळ्ळि' गाव. संस्कृतने दोन्हींना एकच 'पल्ली' करून टाकलं. ळ चुकला की अख्ख्या गावाची पाल होते.

तिसरी_पाळी
सर, आता माझा प्रश्न. आमच्या धंद्याचा शब्द. मराठीत माग. हातमाग, यंत्रमाग. तेलुगूत मग्गम्. कन्नडवाले मग्ग म्हणतात. जन्म गेला मागावर. हा कोणाचा?

शिवाय मराठीत माग बरेच आहेत. चोराचा माग काढतात. पगार माग म्हणतात (मागून मिळत नाही ते वेगळं).

सातरस्ता
काका, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न.

चोराचा माग म्हणजे मार्ग, प्राकृतात 'मग्ग'. 'मागणे' सुद्धा तिथलाच: संस्कृत 'मार्ग्' म्हणजे शोधणे, वाट काढत जाणे, त्यातून मागणे. म्हणजे चोराचा माग आणि पगाराचा माग सख्खे भाऊ.

कापडाचा माग मात्र या दोघांच्या घरचा दिसत नाही. मार्गाचा आणि विणण्याच्या यंत्राचा अर्थाने काही मेळ बसत नाही. उलट कन्नड मग्ग, तेलुगू मग्गम् यांच्याशी आवाज जुळतो, अर्थ शंभर टक्के जुळतो, आणि 'मग्ग'चं मराठीत 'माग' होणं नियमाला धरून आहे: जोडाक्षर सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. सप्तचं प्राकृत सत्त, मराठी सात. हस्तचं हत्थ, मग हात. तसं मग्गचं माग. शब्द धंद्याबरोबर फिरतात, आणि विणकर दक्षिणेतून इकडे शतकानुशतकं येत राहिलेत. माझं मत विचाराल तर माग तुमचा.

मौज बघा, प्राकृतातला वाटेचा 'मग्ग' आणि कन्नडमधला विणायचा 'मग्ग' अक्षर न् अक्षर एक. मराठीत दोघांचा माग झाला. एक नियम, दोन अनोळखी पाहुणे, एकच सदरा.

तिसरी_पाळी
घरी वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, माग आपला असेल पण कारखाना मालकाचा.

बरं, अजून एक घ्या. तेलुगूत विणकराला साले म्हणतात, पद्मसाली मधला. मराठीत साळी. आणि कोळ्याला, म्हणजे जाळं विणणाऱ्या किड्याला, आम्ही सालेपुरुगु म्हणतो. पुरुगु म्हणजे किडा. विणकर किडा. तुमच्या मराठीत त्याला मासे पकडणाऱ्याचं नाव दिलंय. ज्याला जे जाळं दिसलं ते.

बार्शीकर
हे फार आवडलं.

हुग्गी
माझा शेवटचा, मग भाकरी टाकायला जाते. आपण म्हणतो 'इकडे ये'. कन्नडमध्ये 'ई कडे बा'. ई म्हणजे हे, कडे म्हणजे बाजू, बा म्हणजे ये. 'इकडे' आणि 'ई कडे' यात तर फटसुद्धा राहत नाही. हा तरी एकच ना?

सातरस्ता
अर्धा. 'कड' मराठीत स्वतंत्र आहे, कोणाची तरी कड घेतो, एका कडेला बसतो. कन्नड 'कडे'शी त्याची देवाणघेवाण झाली असं मी धरतो. संस्कृत 'कट'कडे बोट दाखवणारेही आहेत, पण त्या कटावरही द्राविडी छाप असल्याचं काहींचं म्हणणं आहे. 'इ'चं मात्र वेगळं. संस्कृत 'इह', 'इदम्' मध्ये जवळ दाखवणारा 'इ' आहे आणि द्राविडी भाषांतही जवळचं दाखवायला 'इ'च. दोन कुळांनी आपापला आणलेला. पुरावा पुढच्या शब्दात बघा: मराठी 'तिकडे', कन्नड 'आ कडे'. 'ति' आपल्या 'तो-ती'चा, 'आ' त्यांचा. तिथे लगेच वाटा फुटतात.

तिसरी_पाळी
आमच्यात इक्कड, अक्कड. आणि कुठे म्हणजे एक्कड. माझ्या नातवाला मराठी शाळेत बाई म्हणाल्या, 'इकडे ये'. गेला बरोबर. 'तिकडे बस' म्हणाल्या, तर उभाच राहिला.

कडकभाकरी
काका, त्याला सांगा, सोलापुरात 'तिकडं' म्हणजे कुठंही. रिक्षावाल्याला विचारा.